वापरलेल्या तेलाची साक्ष कोण ऐकणार?

आपल्याकडील विज्ञानाच्या बातम्यांना एक खोड आहे. यंत्र सुरू झाले की बातमी होते. ते कसे चालले आहे याची बातमी होत नाही. आणि ते बंद पडले की ती विज्ञानाची बातमी राहत नाही, अपघाताची किंवा तोट्याची होते. २०२५ मध्ये देशाची स्थापित पवनऊर्जा क्षमता ५० गिगावॉटच्या पुढे गेली, तिचे यथोचित कौतुक झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६ हजार कोटींचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर झाले होते. या साऱ्यांचे स्वागत करूनही एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्समधील तेलात आज किती लोखंड उतरले आहे, ते गेल्या वर्षीपेक्षा वेगाने उतरते आहे काय, आणि ज्याला हे ठाऊक आहे त्याने ते कोणाला सांगितले आहे काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. तेल बदलणे हे मेकॅनिकचे काम, त्यात विज्ञान कसले, असेही कोणी म्हणेल. भौतिकशास्त्राच्या विभागांतही हाच समज आढळतो. घर्षणाचा धडा अकरावीत संपतो आणि पुढे तो विषय कोणी काढत नाही. माझे म्हणणे याच्या उलट आहे. चालत्या यंत्राच्या तेलातून त्याची झीज ओळखणे ही मापनशास्त्राची अवघड समस्या आहे. ती सोडवण्याचे ज्ञान देशात आहे. मात्र ते ज्ञान पुढे वाढण्यासाठी लागणारी उघडी नोंद आपण ठेवत नाही. निदान सार्वजनिक मालकीच्या यंत्रांपुरती तरी ती ठेवली पाहिजे, एवढीच या लेखाची मागणी आहे. ती का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वंगणाचा पापुद्रा

१८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. भोकात बूच बसवले, तर तेही बाहेर फेकले गेले. तेथे दाबमापक जोडल्यावर दिसले की आतील तेलाचा दाब हा बेअरिंगवरील सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक आहे. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. फिरता आस स्वतःबरोबर तेल ओढतो, ते निमुळत्या फटीत कोंबले जाते आणि तेथे निर्माण होणारा दाब आसाला उचलून धरतो. म्हणजे नीट चालणाऱ्या बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकलेला नसतो. तो तेलावर तरंगत असतो.

हा तेलाचा थर किती जाड असतो? साध्या बेअरिंगमध्ये काही दशक मायक्रॉन. गिअरच्या दातांमध्ये आणि बॉल किंवा रोलर बेअरिंगमध्ये एक मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, हे लक्षात घेतले की टनावारी भार किती नाजूक आधारावर पेलला जातो याची कल्पना येईल. या थराच्या जाडीइतका किंवा त्याहून थोडा मोठा धुळीचा एक कण आत शिरला, तेलात थोडे पाणी मिसळले, किंवा उष्णतेने तेल पातळ झाले, की दोन्ही पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडू लागतात. झीज सुरू होते ती येथून.

झिजेचे एक सुटसुटीत सूत्र जॉन आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये दिले. झिजलेल्या पदार्थाचे घनफळ हे भार आणि घसरलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. सूत्र सोपे आहे. अडचण त्यातील गुणांकाची आहे. पृष्ठभाग, वंगण आणि परिस्थिती बदलली की हा गुणांक हजारपट, लाखपट बदलू शकतो, आणि मूलभूत तत्त्वांवरून तो आधी मोजून सांगता येत नाही. विद्यार्थ्यांनी या एका गोष्टीवर थांबून विचार करावा. ग्रहणाची वेळ आपण शेकडो वर्षे आधी सांगू शकतो. पण समोरचे गिअरबॉक्स पुढील वर्षी किती झिजेल, हे केवळ सिद्धान्ताच्या बळावर सांगू शकत नाही. जेथे सिद्धान्त भाकीत करू शकत नाही तेथे निरीक्षण करावे लागते, आणि बंद पोलादी पेटीच्या आतले निरीक्षण करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे आतून फिरून येणारे तेल.

या विषयाचे आर्थिक वजनही लहान नाही. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने अहवाल दिला. घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव त्याच निमित्ताने रूढ झाले. घर्षण, झीज आणि वंगण यांचे ज्ञान नीट वापरले तर ब्रिटनच्या उद्योगांचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा त्या समितीचा अंदाज होता. २०१७ मध्ये केनेथ होल्मबर्ग आणि अली एर्देमिर यांनी जगाचा हिशेब मांडला. त्यांच्या मते जगातील एकूण ऊर्जावापरापैकी सुमारे २३ टक्के ऊर्जा एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांपायी खर्च होते. त्यातील २० टक्के घर्षणावर मात करण्यात जाते आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा घडवण्यात.

तेल काय सांगते आणि काय लपवते

तेलतपासणीला रक्ततपासणीची उपमा नेहमी दिली जाते. ती अर्धीच खरी आहे. तेलातील मूलद्रव्यांवरून अवयव ओळखता येतो, एवढ्यापुरती ती बरोबर आहे. लोखंड वाढले तर गिअर, आस किंवा सिलिंडर लायनर. तांबे वाढले तर ब्राँझचे बुश किंवा बेअरिंगचा पिंजरा. शिसे आणि कथील वाढले तर व्हाइट मेटलचे बेअरिंग. ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टन. सिलिकॉन बहुधा धुळीची वर्दी देते, सोडियम कधी शीतक द्रवाच्या गळतीची, तर कधी किनाऱ्यावरील खाऱ्या पाण्याची. जस्त आणि फॉस्फरस ही झीजरोधक पुरकांची खूण, म्हणून त्यांचे घटणे बोलके असते. अवरक्त वर्णपटात १७०० ते १७५० या तरंगसंख्यांच्या आसपास उंचवटा वाढू लागला तर तेलाचे ऑक्सिडीभवन चालू आहे असे समजावे. श्यानता, आम्लता, पाण्याचे प्रमाण आणि कणांची गणना या चाचण्या मिळून चित्र पूर्ण होते.

उपमा फसते ती आकड्यांच्या अर्थापाशी. समजा एका गिअरबॉक्समध्ये ४०० लिटर तेल आहे आणि अहवालात लोखंड ५० दशलक्षांश आले. चारशे लिटर तेलाचे वजन साधारण ३५० किलो. म्हणजे तेलात तरंगणारे लोखंड साडेसतरा ग्रॅम भरले. ही झीज दोन महिन्यांत झाली की तीन वर्षांत, हे माहीत नसेल तर या आकड्याला काहीच अर्थ नाही. आता गळतीमुळे कोणी १०० लिटर नवे तेल भरले, तर पुढच्या अहवालात तोच आकडा ३७.५ वर उतरेल. झीज जराही थांबलेली नाही, तरी कागदावर यंत्र सुधारलेले दिसेल. गाळणीही अशीच दिशाभूल करते. मोठे कण ती अडवून धरते आणि तेलाच्या नमुन्यात सापडतात ते तिच्यातून निसटलेले बारीक कण. म्हणून नमुना चालत्या, गरम यंत्रातून, गाळणीच्या आधी आणि दर वेळी एकाच ठिकाणाहून घ्यावा. काढलेली गाळणीही तपासावी. आणि नमुन्याबरोबर यंत्राचे तास, तेलाचे तास व भरलेल्या तेलाचे माप लिहावे. हे तीन आकडे लिहायला एक मिनिट लागते. ते नसतील तर महागडा वर्णपटमापीही आंधळा.

आणखी खोल अडचण भौतिकीची आहे. वापरलेल्या तेलाच्या वर्णपटीय तपासणीची सुरुवात अमेरिकेत १९४० च्या दशकात डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने डिझेल इंजिनांसाठी केली. आजही प्रचलित असलेल्या पद्धतीत फिरत्या कार्बनच्या चकतीवर तेल घेऊन ठिणगीने ते जाळतात आणि प्रकाशातील तरंगलांबींवरून मूलद्रव्ये मोजतात. ठिणगीचा काळ अल्प असल्यामुळे सुमारे ५ ते ८ मायक्रॉनहून मोठे कण पूर्णपणे बाष्परूप होत नाहीत, आणि जे बाष्परूप झाले नाही ते मोजलेही जात नाही. आता विरोधाभास पाहा. निरोगी यंत्रातील रोजची झीज बारीक, चपट्या कणांची असते. धोकादायक झिजेत कण मोठे होतात, काही दशक किंवा शेकडो मायक्रॉनचे. म्हणजे हे उपकरण नेमके धोक्याच्या बाबतीत कमी पाहते. लोखंडाचा आकडा स्थिर आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या माणसासमोर गिअरचा दात तुटू शकतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस व्हर्नन वेस्टकॉट यांनी फेरोग्राफी विकसित केली. तिरक्या काचपट्टीवरून विरळ केलेले तेल तीव्र चुंबकीय क्षेत्रातून वाहू देतात. मोठे कण आधी खाली बसतात, लहान पुढे. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आकार वाचतात. पातळ, गुळगुळीत पापुद्रे ही साधी झीज. लेथवरच्या कीसासारखी गुंडाळलेली तार म्हणजे कठीण धूळकण पृष्ठभाग कापतो आहे. जाडसर, वेडेवाकडे तुकडे आणि सूक्ष्म गोलक म्हणजे धातू थकला आहे. ओरखडे उमटलेले लांबट कण म्हणजे तेलाचा थर फाटला आहे. येथे आकड्याला आकृतीची जोड मिळते. परंतु हे वाचन कुशल माणूस करतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिला बळी या चाचणीचा जातो.

दोन अपघातांचा धडा

हा विषय पैशापुरता नाही. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ तेल-मंचावरून परतणारे सुपर प्यूमा जातीचे एक हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यातील सर्व १६ जण मृत्युमुखी पडले. मुख्य गिअरबॉक्समधील एक ग्रहीय गिअर थकून फुटला होता. अपघाताच्या ३६ उड्डाणतास आधी त्याच गिअरबॉक्सच्या चुंबकीय शोधकावर धातूचा एक कण सापडला होता. म्हणजे साक्षीदार हजर झाला होता. पण त्याच्या म्हणण्याचा अर्थ लावताना घोळ झाला आणि तो कण कोणत्या नाशाची खूण आहे हे ओळखले गेले नाही. ब्रिटिश अन्वेषकांच्या अहवालात आणखी एक गोष्ट पुढे आली. गिअरबॉक्समध्ये तेल विलग करणाऱ्या पट्ट्यांवर चुंबकांचे एक कडे बसवलेले होते, आणि त्यामुळे सुटलेले कण खालच्या शोधकापर्यंत पोचण्याची शक्यता कमी होत होती. यंत्राच्या रक्षणासाठी लावलेली वस्तूच पुरावा अडवून बसली होती.

दुसरा अपघात २९ एप्रिल २०१६ चा, नॉर्वेतील तुरॉय बेटाजवळचा. त्याच कुळातील हेलिकॉप्टर, पुन्हा ग्रहीय गिअरमधील थकव्याची चीर, १३ मृत्यू. या वेळी मात्र कणांनी पुरेशी सूचना दिलीच नाही. चीर पृष्ठभागाच्या आतून वाढत गेली आणि धातूचे फारच थोडे कण सुटले. पहिल्या अपघातात साक्ष होती, ती नीट वाचली गेली नाही. दुसऱ्यात साक्ष जवळपास नव्हतीच. तेलाच्या निरीक्षणावर विश्वास ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा दुसरा धडा अधिक गांभीर्याने लक्षात ठेवला पाहिजे. प्रत्येक नाश तेलात उतरतोच असे नाही. म्हणून कंपन, तापमान आणि रचनेची सुरक्षितता यांची जोड अनिवार्य आहे.

आणि आणखी एक गोष्ट. हे दोन्ही धडे मी येथे लिहू शकतो, कारण अन्वेषणाचे अहवाल जगासमोर मांडले गेले. विमानवाहतुकीत ही प्रथा रुजली आहे. जमिनीवरील यंत्रांच्या बाबतीत ती रुजलेली नाही.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

ज्ञानाची आपल्याकडे वानवा नाही. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये वंगणतेलाच्या वर्णपटीय तपासणीच्या प्रयोगशाळा अनेक वर्षांपासून आहेत. डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था, फरिदाबादचे इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र, दिल्लीच्या आयआयटीतील ट्रायबॉलॉजीचे काम, यांनी पिढ्या घडवल्या आहेत. खासगी प्रयोगशाळाही शहरोशहरी निघाल्या आहेत. नमुने जातात, अहवाल येतात.

उणीव त्यानंतरची आहे. अहवालावर ‘समाधानकारक’ किंवा ‘तेल बदला’ असा शेरा येतो आणि फाइल बंद होते. सहा महिन्यांनी तेच बेअरिंग उघडले गेले तर त्यात काय सापडले, हे त्या अहवालाशेजारी क्वचितच लिहिले जाते. प्रयोगशाळेला यंत्राचे पुढे काय झाले ते कळत नाही, आणि यंत्र उघडणाऱ्याला प्रयोगशाळेने काय पाहिले होते ते आठवत नाही. विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर आपण मापने साठवतो, परिणाम साठवत नाही. आणि परिणामाशिवाय मापनाची सत्यता तपासता येत नाही.

याचा तोटा आपल्या देशाला विशेष आहे. पवनचक्कीचे पाते मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेते आणि जनित्राला सुमारे दीड हजार लागतात. मधला शंभरपटीचा भार गिअरबॉक्स सोसतो. ही यंत्रे कन्याकुमारीजवळच्या मुप्पंडळला आहेत, कच्छच्या खाऱ्या वाऱ्यात आहेत, जैसलमेरच्या वाळूत आहेत आणि सातारच्या वनकुसवडे पठारावर पावसाळी धुक्यातही आहेत. ३२० श्यानतेचे गिअर तेल म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ज्याची श्यानता ३२० सेंटिस्टोक्स असते ते. साध्या खनिज तेलाच्या बाबतीत १०० अंशांना ती २४ च्या आसपास उरते. तेल १० अंश अधिक तापले की त्याचे ऑक्सिडीभवन साधारण दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम आहे. धूळ, दमट हवा आणि उष्मा यांची अशी सरमिसळ असताना इशाऱ्याच्या मर्यादा आपल्या यंत्रांच्या आणि आपल्या हवामानाच्या अनुभवावरून ठरायला हव्यात. तो अनुभव रोज जमा होतो आहे, फक्त एकत्र होत नाही.

कृत्रिम बुद्धी आणि एक साधे गणित

येथे कोणी म्हणेल, आता सेन्सर आले, कृत्रिम बुद्धी आली, यंत्र स्वतःच आपला बिघाड आधी सांगेल. मला या तंत्राविषयी आदर आहे. पण एक गणित करून पाहू. समजा १००० गिअरबॉक्स आहेत आणि त्यांतील १० येत्या वर्षात निकामी होणार आहेत. आपली चाचणी चांगली आहे: खऱ्या बिघाडांपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोगी यंत्रांपैकी फक्त ५ टक्क्यांबाबत खोटी हाकाटी करते. मग तिने दिलेल्या इशाऱ्यांत ९ खरे असतील आणि जवळजवळ ५० खोटे. एकोणसाठांतले पन्नास वेळा गिअरबॉक्स उघडून काहीच सापडले नाही, तर तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर व्यवस्थापक इशाऱ्याकडे पाहणे सोडून देईल. लांडगा आला रे आला ही गोष्ट प्रत्येक कारखान्यात घडते.

आता या ५९ यंत्रांवर दुसरी, वेगळ्या भौतिक तत्त्वावर आधारलेली चाचणी तितक्याच क्षमतेने केली, उदाहरणार्थ फेरोग्राफी, आणि दोन्हींच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असल्या, तर खऱ्या नऊपैकी आठ टिकतील आणि खोटे पन्नासावरून दोन-तीनवर येतील. दहा-अकरा इशाऱ्यांत आठ खरे! असा इशारा आला तर यंत्र थांबवण्याचे धैर्य कोणालाही होईल. सुधारणा एकाच चाचणीचा आलेख अधिक हुशार गणकाला दाखवल्याने झाली नाही. दुसरा स्वतंत्र साक्षीदार बोलावल्याने झाली.

शिवाय ते ९० आणि ५ टक्के हे आकडे कोठून आणायचे? ते ठरवायला हजारो नमुने आणि त्यांच्यापुढे लिहिलेला खरा निकाल लागतो. बिघाड मुळात विरळ असतात. एका कंपनीकडे वर्षाला चार-पाच. एकट्याने कोणाचीच नोंद पुरेशी होत नाही. प्रतिरूप कितीही आधुनिक असो, त्याला शिकवायला बिघाडांची उदाहरणेच नसतील तर ते निरोगीपणाची घोकंपट्टी करील.

मागणी आणि तिच्यावरचे आक्षेप

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. रेल्वे, राज्यांच्या वीजनिर्मिती कंपन्या, बंदरे, राज्य परिवहन यांसारख्या सार्वजनिक मालकीच्या यंत्रांचे तेल-अहवाल, यंत्रतास, तेलतास आणि यंत्र उघडल्यावर सापडलेली वस्तुस्थिती हे सारे एका ठरावीक नमुन्यात, यंत्राची व आस्थापनेची ओळख काढून, संशोधकांसाठी खुले करावे. फेरोग्राफीच्या छायाचित्रांचा संग्रहही त्यातच असावा. राष्ट्रीय अभियानांच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे, कारण मोजमाप आधीच होते आहे. फक्त लिहिण्याची आणि जपण्याची शिस्त हवी.

पहिला आक्षेप गोपनीयतेचा असेल. ओळख काढून टाकल्यावर उरतो तो धातूचा आणि तेलाचा वृत्तान्त. त्यात व्यापारी गुपित फारसे राहत नाही. आणि जी यंत्रे करदात्यांच्या पैशाची आहेत त्यांच्या झिजेचे ज्ञान करदात्यांचेच आहे. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. ठरलेल्या तारखेला तेल बदलले की झाले, एवढा खटाटोप कशाला? पाच लिटर तेलाच्या लहान यंत्राबाबत हे मला मान्य आहे. तेथे तपासणीहून तेल स्वस्त पडते. पण शेकडो लिटरच्या यंत्रात दिनदर्शिका पाहून तेल बदलणे म्हणजे चांगले तेल फेकणे आणि त्याबरोबर पुरावाही फेकणे. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची विस्तारित जबाबदारी उत्पादकांवर आली आहे. जे तेल अजून हजार तास चालले असते ते या कचऱ्यात आधीच ढकलण्यात शहाणपण नाही. तिसरा आक्षेप असा की खुली नोंद झाली तर चुका दिसतील. हा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, पण खरा अडथळा तोच आहे. त्याला उत्तर एकच: नोंद दोष देण्यासाठी वापरली जाणार नाही अशी लेखी हमी आधी द्यावी. ज्या शेडमध्ये खरे लिहिणाऱ्याला शिक्षा होते तेथे सगळी यंत्रे कागदावर निरोगी असतात.

विद्यार्थ्यांसाठी

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की या क्षेत्राकडे ‘उपयोजित’ म्हणून कमी लेखून पाहू नका. द्रवगतिकी, वर्णपटशास्त्र, चुंबकत्व, पृष्ठभागविज्ञान, संख्याशास्त्र, या सर्वांची गाठ येथे एका चमचाभर तेलात पडते. आणि आर्चर्डच्या गुणांकाला मूलभूत तत्त्वांवरून गाठण्याचा प्रश्न सत्तर वर्षांनंतरही खुला आहे.

सुरुवात करायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून (वापरलेले तेल त्वचेला अपायकारक असते), हवेशीर जागी आणि ज्वाळेपासून दूर, गॅरेजमधून आणलेले थोडे जुने तेल द्रावकाने विरळ करा. तिरक्या काचपट्टीखाली शक्तिशाली निओडिमियम चुंबक ठेवा, तेल हळूहळू वाहू द्या, मग स्वच्छ द्रावकाने धुऊन पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चुंबकीय रेषांच्या दिशेने रांगा धरून बसलेले लोखंडाचे कण दिसतील. दर महिन्याला त्याच वाहनाचे तेल घ्या, किलोमीटर लिहून ठेवा, सर्वांत मोठ्या कणाचा आकार मोजा. वर्षभरात तुमच्याकडे जो आलेख तयार होईल तो लहान असला तरी पूर्ण असेल, कारण त्यात मापनाबरोबर त्याचा संदर्भही असेल.

वाचकांपैकी कोणी रेल्वे शेडमध्ये, वीजकेंद्रात, साखर कारखान्यात किंवा पवनचक्क्यांच्या देखभालीत असतील, तर त्यांना एक विचारतो. तुमच्याकडे तेलाचा अहवाल आणि त्यानंतर उघडलेल्या यंत्राची स्थिती ही दोन्ही एकाच पानावर लिहिली जातात काय? लिहिली जात असतील तर ती पद्धत कशी रुजली ते येथे सांगा. जात नसतील तर आड काय येते ते सांगा. आस्थापनेचे नाव देण्याची गरज नाही. या प्रश्नाची उत्तरे माझ्यासारख्या प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाकडे नाहीत. ती तुमच्या नोंदवह्यांत आहेत, आणि त्या वह्या रद्दीत जाण्याआधी कोणीतरी वाचायला हव्यात.